पहिल्या कमाईची एलपी : किशोरीताईंचा भूप आणि पेठेतले एक बिननावाचे दुकान

सदाशिव पेठेत, भिकारदास मारुतीपासून फार लांब नसलेल्या एका बोळात जुन्या रेकॉर्डचे एक दुकान आहे. दुकानाला नाव नाही. दारावरच्या पत्र्यावर ‘रेडिओ व रेकॉर्ड प्लेअर दुरुस्ती’ एवढीच अक्षरे आहेत आणि त्याखाली, वेगळ्या रंगात, ‘रेकॉर्ड कडेने धराव्यात’ अशी सूचना आहे. स्वतः कमावलेल्या पैशांतून पहिली एलपी, म्हणजे लाँग-प्ले रेकॉर्ड, घ्यायची असेल तर पुण्यात जाण्याजोगी ही जागा आहे, असे माझे मत आहे. मात्र त्या मताला काही अटी आहेत आणि त्या सांगण्यासाठीच हे परीक्षण लिहिले आहे. मी तेथून घेतली ती शास्त्रीय गायिका किशोरी आमोणकर यांची एचएमव्ही कंपनीने काढलेली, एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री हे राग असलेली, सत्तरच्या दशकातली एलपी. दुकान आणि रेकॉर्ड या दोहोंविषयी एकत्रच लिहावे लागणार आहे, कारण जुन्या रेकॉर्डच्या व्यवहारात मालाची पारख निम्मी आपल्याकडे असते आणि निम्मी दुकानदाराच्या प्रामाणिकपणावर सोडावी लागते.

पैशांचा हिशेब आधी सांगते. एका दिवाळी अंकाच्या मुद्रितशोधनाचे काम मी भाद्रपदात केले होते आणि त्याचे मानधन, या व्यवसायाच्या रीतीप्रमाणे, फराळाचे डबे रिकामे होऊन मार्गशीर्ष लागल्यावर हाती आले. रक्कम साडेचार हजार रुपये आणि अंक २५६ पानांचा. रेकॉर्डसाठी मी चौदाशे रुपये मोजले. म्हणजे अंकाची जवळजवळ ऐंशी पाने, त्यांतल्या ऱ्हस्व-दीर्घांसकट आणि एका ज्येष्ठ लेखकांच्या अनुस्वारांवरील वैयक्तिक श्रद्धेसकट, या एका तबकडीवर खर्ची पडली. घरून मिळालेल्या पैशांतून वस्तू घेताना हा हिशेब मनात येत नाही. तो आला, म्हणून दुकानात मी एरवी विचारले नसते असे प्रश्न विचारले, आणि त्याचा मला फायदाच झाला.

हाच भूप फोनवर फुकट ऐकता येतो, मग चौदाशे रुपये कशाला, असे आईने विचारले आणि तो प्रश्न रास्त होता. नुसते ऐकण्यासाठी एलपी घेण्याची गरज नाही, हे मान्य करायला हवे. फोनवरचे ध्वनिमुद्रण स्वच्छ असते, त्यात खरखर नसते, आणि ते प्रवासातही ऐकता येते. एलपीच्या बाजूने सांगण्यासारखे एवढेच की तिची एक बाजू लावली की वीस ते पंचवीस मिनिटे बसावे लागते. विलंबित, म्हणजे संथ भाग, सोडून थेट द्रुतावर, म्हणजे जलद भागावर, जायचे तर उठून सुई उचलावी लागते आणि तेवढे कष्ट सहसा कुणी घेत नाही. ख्यालासारख्या, हळूहळू उलगडणाऱ्या गायनाला ही सक्ती मानवते. ज्यांना तिचे मोल वाटत नाही, त्यांनी पैसे खुशाल वाचवावेत. दुसरी गोष्ट, जुनी रेकॉर्ड घेतल्याने कलावंताला किंवा त्याच्या वारसांना एक पैसाही मिळत नाही. आपली पहिली कमाई संगीत निर्माण करणाऱ्याच्या हाती पडावी अशी इच्छा असेल, तर एखाद्या हयात कलावंताचे नवे ध्वनिमुद्रण विकत घेणे हेच योग्य.

पुण्यात एकेकाळी शास्त्रीय संगीत विकत घ्यायचे म्हणजे कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊसमध्ये जायचे, असा शिरस्ता होता. ते नुसते दुकान नव्हते. गवयांची ध्वनिमुद्रणे करून स्वतः कॅसेटी काढण्याचे कामही तेथे होत असे. माझ्या पिढीच्या वाट्याला ते दुकान आले नाही, फक्त त्याच्या गोष्टी आल्या. आता जुन्या रेकॉर्ड शोधायच्या तर बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेच्या बाजूला भरणारा जुना बाजार आहे, आणि इंटरनेटवरचे विक्रेते आहेत. जुन्या बाजारात भाव कमी असतो, परंतु तेथे रेकॉर्ड लावून पाहण्याची सोय नसते, आणि उन्हात मांडलेली तबकडी वाकण्याची भीती असते, कारण एलपी ज्या पीव्हीसीची बनते ते उष्णतेने मऊ पडते. इंटरनेटवर छायाचित्र दिसते, पण रेकॉर्डचा आवाज काही छायाचित्रात दिसत नाही. पेठेतल्या या दुकानाचे वेगळेपण नेमके इथे आहे. येथे पैसे देण्याआधी रेकॉर्ड ऐकवली जाते, आणि तीही दोन-चार सेकंद नव्हे, तर आपले समाधान होईपर्यंत.

दुकानदार सत्तरीच्या आसपासचे आहेत. किमतीची चौकशी केली तेव्हा त्यांनी उत्तर न देता रेकॉर्ड प्लेअरवर ठेवली आणि म्हणाले, “आधी ऐक बाळ, पैशांचं नंतर बोलू. कुठली बाजू लावू?”

“भूप लावा, काका.”

“सगळे भूपच मागतात. म्हणून तर बागेश्री कोरी राहते.”

हे त्यांचे वाक्य मला तेव्हा गमतीचे वाटले, परंतु त्यात खरेदीचे मोठे मर्म होते. दुकानात या एलपीच्या दोन प्रती होत्या. पहिलीचे कव्हर जवळजवळ नव्यासारखे, कडा शाबूत, छपाई टवटवीत. दुसरीचे कव्हर तीन बाजूंनी उसवलेले, त्यावर पिवळी पडलेली चिकटपट्टी, आणि कोपऱ्यात निळ्या शाईत कुणी तरी कुणाला तरी एका वाढदिवसाला दिलेली सप्रेम भेट. कव्हर पाहून कुणीही पहिलीच उचलली असती. तबकड्या बाहेर काढून उजेडात तिरप्या धरल्या तेव्हा मात्र चित्र उलटे झाले. पहिल्या प्रतीच्या भूपाच्या लेबलावर, मधल्या छिद्राभोवती, प्लेअरच्या खुंटीने पडलेल्या बारीक रेघांचे दाट जाळे होते. रेकॉर्ड लावताना खुंटी चटकन छिद्रात बसली नाही की लेबलावर अशी रेघ उमटते, त्यामुळे रेघांच्या दाटीवरून ती बाजू किती वेळा लावली गेली असेल याचा अंदाज बांधता येतो. त्याच बाजूच्या, सुई ज्यांतून फिरते त्या खाचांवर काळी चकाकी न राहता राखाडी छटा आली होती, आणि ती जड, झिजलेल्या सुईची खूण असते. उलट बागेश्रीची बाजू आरशासारखी होती. दुसऱ्या प्रतीत दोन्ही बाजूंची झीज सारखी आणि बेताची होती. ज्याला ती भेट मिळाली होती, त्याने दोन्ही राग ऐकले होते, असे म्हणायला हरकत नाही.

चित्रपटगीतांची रेकॉर्ड घेणाऱ्याला थोडी खरखर चालून जाते, कारण वाद्यवृंदाच्या भरण्यात ती लपते. ख्यालाची रेकॉर्ड घेताना ही सूट घेता येत नाही. किशोरीताईंच्या भूपात स्वरांमधल्या मोकळ्या जागा हाच गाण्याचा अर्धा भाग आहे. गांधारावर, म्हणजे ‘ग’ या स्वरावर, येऊन त्या थांबतात तेव्हा मागे केवळ तानपुरा उरतो, आणि तेथे झालेला प्रत्येक ‘टक्’ आवाज कानाला बोचतो. म्हणून शास्त्रीय संगीताच्या एलपीची अवस्था अधिक कडक कसोटीवर पाहावी, हे माझे पहिले सांगणे आहे.

ती कसोटी लावण्याच्या दोन जागा मला त्या दुकानातच समजल्या. एक म्हणजे आरंभीचा तानपुरा. तबकडी वाकलेली असेल, किंवा तिचे छिद्र बरोबर मध्यभागी नसेल, तर प्रत्येक फेऱ्याला स्वर किंचित वर-खाली होतो. गाण्यात मींड आणि आंदोलने, म्हणजे स्वर घसरत नेणे आणि झुलवणे, असल्याने तो दोष चटकन लक्षात येत नाही, पण तानपुऱ्याचा षड्ज (‘सा’) हेलकावू लागला की लपवायला जागा उरत नाही. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. तेवढ्याच अंतराने हेलकावा येत असेल तर दोष तबकडीचा, आणि त्याहून अनियमित येत असेल तर बहुधा प्लेअरच्या पट्ट्याचा किंवा मोटरचा.

दुसरी जागा बाजूच्या शेवटची. तबकडी एकाच गतीने फिरते, तरी बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलाजवळ ती जेमतेम वीस-एकवीस सेंटिमीटर सरकते. तेवढ्याच वेळातला आवाज आत कमी जागेत कोंबलेला असतो, त्यामुळे तेथे आवाज फाटण्याची शक्यता सर्वाधिक असते. ख्यालाच्या मांडणीत द्रुत बंदिश शेवटी येते. म्हणजे सर्वांत वेगवान ताना नेमक्या खाचेच्या सर्वांत अवघड भागात पडतात. भूपातली ‘सहेला रे’ ही बंदिश ज्यांना आवडते, आणि ती आवडत नाही असा माणूस मला अद्याप भेटलेला नाही, त्यांनी दुकानात सुई थेट लेबलाजवळ ठेवायला सांगावी. पहिल्या प्रतीत तेथे ‘आ’काराला कागद फाटल्यासारखी किनार आली होती. दुसऱ्या प्रतीत थोडी खरखर होती, आवाज मात्र शाबूत होता. मी दुसरी घेतली.

दुकानाच्या उणिवाही सांगायला हव्यात. कोणत्याही रेकॉर्डवर किंमत लिहिलेली नाही. मला अठराशे सांगितले गेले आणि चौदाशेला व्यवहार झाला. घासाघीस न जमणाऱ्या गिऱ्हाईकाने अठराशेच दिले असते, हे बरे नव्हे. रेकॉर्ड पुस्तकांप्रमाणे उभ्या ठेवायला हव्यात, पण येथे खालच्या फळीवर त्या आडव्या एकावर एक रचलेल्या आहेत, आणि तळाच्या तबकड्यांवर त्या वजनाचा परिणाम झाल्याशिवाय राहत नाही. उजेड अपुरा आहे. खाचा पाहण्यासाठी मला फोनची बॅटरी लावावी लागली. सूची तर नाहीच, त्यामुळे काय आहे आणि काय नाही हे काकांच्या स्मरणशक्तीवर अवलंबून आहे, आणि ती चित्रपटसंगीताच्या बाबतीत अधिक तल्लख आहे. दारावर कडेने धरण्याची सूचना रंगवणारे काका स्वतः मात्र धूळ शर्टाच्या बाहीने पुसतात.

त्यांच्या जमेची बाजू अशी की बिल मागितल्यावर त्यांनी विनातक्रार हाताने लिहून दिले, आणि त्यावर ‘कव्हर खराब, रेकॉर्ड चांगली, आठ दिवसांत बदलून मिळेल’ असे स्वतःहून नोंदवले. जुन्या वस्तूंच्या बाजारात असे लेखी आश्वासन सहसा मिळत नाही. याशिवाय प्लेअर कोणता आहे, हे त्यांनी रेकॉर्ड हातात देण्यापूर्वी विचारले. एचएमव्हीचे ‘फिएस्टा’सारखे जुने सुटकेस प्लेअर, आणि आज नवे म्हणून मिळणारे त्याच बांधणीचे स्वस्त प्लेअर, यांच्या सिरॅमिक कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसवलेल्या भागाचा, तबकडीवरचा भार पाच-सहा ग्रॅमपर्यंत जातो, चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला बहुधा दीड ते अडीच ग्रॅम पुरतात. “पहिली रेकॉर्ड सगळे जपून घेतात आणि मग तिच्यावर नांगर फिरवतात,” असे ते म्हणाले. माझ्याकडे मामाने वापरात नसलेला एक टर्नटेबल दिला होता, त्यामुळे हा प्रश्न सुटला, मात्र त्याचा रबरी पट्टा ताठर झाला होता. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चौकशी केल्यावर तो मिळाला. रेकॉर्डच्या किमतीत हे जोडखर्च धरलेले नसतात, हे पहिल्या खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवलेले बरे. ज्यांच्या घरी प्लेअरच नाही त्यांनी एलपीचा विचार तूर्त लांबवावा, असे मी स्पष्टपणे सुचवेन. सीडी स्वस्त मिळते आणि तिला सुई लागत नाही.

घरी आणल्यावर तबकडीला पावसाळ्याचा वास येत होता आणि कडेला बुरशीचे पांढरे ठिपके होते. पुण्यातल्या जुन्या वाड्यांतून आलेल्या रेकॉर्डवर हे नेहमीच आढळते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासण्याच्या सौम्य द्रवाचा एखादा थेंब टाकून, मऊ मायक्रोफायबर कापडाने, खाचांच्या दिशेने गोलाकार पुसले, नंतर साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुसले, आणि लेबल कोरडे राहील याची काळजी घेतली. निम्मी खरखर त्यानेच गेली. याच जोडीने एक इशारा: ७८ फेऱ्यांच्या जुन्या, जड रेकॉर्ड लाखेच्या असतात आणि त्यांना अल्कोहोल असलेला कोणताही द्रव लावू नये; लाख त्यात विरघळते.

आता गाण्याविषयी. जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम किशोरीताईंना त्यांच्या मातोश्री मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडून मिळाली, आणि त्या घराण्याची ओळख मुख्यतः लयीशी गुंफलेल्या पेचदार तानांची आहे. या भूपात ती तालीम जागोजागी दिसते, पण तिच्या आधी आणि तिच्याहून अधिक दिसतो तो स्वराला लावलेला जीव. भूपात मध्यम (‘म’) आणि निषाद (‘नी’) वर्ज्य असतात. उरलेल्या पाच स्वरांत राग उभा करायचा असतो. तेच पाच स्वर देशकार रागातही आहेत, आणि धैवतावर (‘ध’) अंमळ जास्त रेंगाळले तर भूपाचा देशकार होतो. सगळी मदार गांधारावर. किशोरीताई या गांधाराकडे प्रत्येक वेळी निराळ्या वाटेने येतात. कधी रिषभावर टेकून, कधी पंचमावरून हलकेच उतरून, आणि एकदा तर सरळ तारषड्जावरून खाली येत, वाटेतल्या स्वरांना नुसता स्पर्श करून. फोनवर मी हे गाणे कित्येकदा ऐकले होते; तरीही विलंबितातली ही ये-जा मला पहिल्यांदा सलग कळली ती एलपीवर, कारण मध्येच दुसरीकडे जाण्याची सोय नव्हती. एलपीच्या मर्यादेने एका गोष्टीचे नुकसानही केले आहे. मैफलीत ज्या भूपाला तास-सव्वा तास मिळाला असता तो येथे एका बाजूत बसवला आहे, आणि विलंबितातून द्रुताकडे जाताना किंचित घाई जाणवते. ही घाई गायिकेची नव्हे, खाचेची आहे.

बागेश्रीकडे लोकांचे दुर्लक्ष होते हे खेदाचे आहे. कोमल गांधार आणि कोमल निषाद, आणि मध्यमावरचा मुक्काम यांनी या रागाला मध्यरात्रीची जड, आर्त छाया येते. किशोरीताईंनी ती अधिक गडद केली आहे. भूपाइतके ते गाणे पहिल्याच श्रवणात जिंकत नाही, आणि मला तर सुरुवातीला ते काहीसे कोंडलेले वाटले होते. रात्री उशिरा, आवाज कमी ठेवून ऐकल्यावर मत बदलले. आता मी ही बाजू अधिक वेळा लावते.

किमतीबद्दल शेवटी मत द्यायचे तर चौदाशे रुपये फाटक्या कव्हराच्या प्रतीला थोडे जास्तच आहेत. बाराशे रास्त ठरले असते. पण लावून ऐकण्याची मुभा आणि बिलावरची ती नोंद यांचे दोनशे रुपये मी खळखळ न करता देईन. दुकान दुपारी बंद असते आणि संध्याकाळी पाचनंतर उघडते. रविवारी काका स्वतः जुन्या बाजारात माल पाहायला गेलेले असतात. नव्यासारख्या कव्हराची ती पहिली प्रत, मी गेले तेव्हा, काउंटरच्या मागे दर्शनी भागी लावलेली होती. केवळ बागेश्रीसाठी ती कुणी घेणार असेल तर जरूर घ्यावी, मात्र सहाशेच्या वर जाऊ नये, आणि काका कव्हराचे कौतुक करू लागले की त्यांना भूपाची शेवटची दोन मिनिटे लावायला सांगावे.